तरफेच्या तारा

आमच्या मिरजेच्या गल्लीत भोपळ्यांचा वास असतो,
वाळून पोकळ झालेल्या, माळ्यावर उलट्या टांगलेल्या,
आणि लाखेचा. अब्बांच्या अंगालाही तोच.
डाव्या हाताची अनामिका गेली दोन हिवाळ्यांपूर्वी,
तुणाचं लाकूड चिरताना
वीज गेली, आणि सांगून न सवरून परत आली तेव्हा.

बोट मी रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेलं.
जोडता आलं नाही.
पुढं त्याचं काय केलं, कुणाला सांगितलेलं नाही.

दुखायचं महिन्याभरात थांबलं.
मग एका रात्री अब्बा अंथरुणात उठून बसले:
"खाजतंय गं."
"कुठं?"
त्यांनी हात वर धरला
आणि करंगळीच्या शेजारची हवा दाखवली.

मी हसले. तेही हसले.
मग हसायचं थांबून चादर खाजवत बसले,
अंदाजानं,
जिथं बोट टेकलं असतं तिथं.

कुडचे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्यात नकाशा असतो,
एकेका बोटाच्या नावावर गुंठा-दोन गुंठे.
बोट गेलं तरी सातबारा निघतोच.
मग मधलं बोट इकडून, करंगळी तिकडून
बांध कोरत आत सरकतात,
आणि मेंदूला वाटतं, जुना मालक हाक मारतोय.
दुखणं आणि खाज, दोघी बारीक नसांतून चालत येतात,
पण मणक्याच्या नाक्यावर दुखणं पोचलं
की खाजेला थांबवून धरतात.
म्हणून तर आपण नखं लावतो.
थोडं दुखवून घेतो, ती गप्प बसावी म्हणून.

बाई 'खाज' म्हणाल्या तसा
दारातल्या वॉर्डबॉयनं मान खाजवली,
मी कोपर.
अब्बांनी दोघांकडं पाहिलं. तुमचं बरंय, असं.

परतताना रिक्षात मी तेच घोळवत होते:
चटका बसला की हात मागं येतो.
खाज सुटली की हात पुढं जातो.
एक म्हणते, पळ.
एक म्हणते, ये ना, इथं, जरा वर, हां.

अब्बांना नकाशा पटला नाही.
"सतारीला वर सात, खाली तेरा.
खालच्या तरफेच्या तारा कोण छेडत नाही.
वरची बोलली की त्या आपोआप घुमत्यात.
बोट म्हंजे वरची तार. तुटली."
"मग खालची कशी वाजते, अब्बा, वरची तुटल्यावर?"
कानस घोडीवर दोनदा फिरली.
फुंकर मारून त्यांनी भुगा उडवला.
"त्येच तर," म्हणाले.

बाईंनी आरशाचा उपाय दिला होता.
कपाटाचा आरसा मी काढून जाजमावर उभा केला,
डावा हात मागं, उजवा समोर.
आरशात डाव्या हाताला पाची बोटं.
"आता उजवं दिसतंय त्याला खाजवू?"
मान हलली.
मी नख लावलं, हलकं,
आणि अब्बांच्या घशातून असा आवाज आला
की मला उठून बाहेर जावंसं वाटलं.
मी गेले नाही.

आता ते परत जवारी लावतात.
चार बोटांनी घोडी धरतात, कानशीला दम नसतो,
पण हात शिवशिवतात म्हणून बसतात.
कधी कधी रात्री मी आरसा आणते तर म्हणतात,
"ऱ्हाऊ दे आज. येऊ दे तिला."
आणि डोळे मिटून पडून राहतात,
घरात पाहुणं माणूस आल्यासारखे.

कबरस्तानाच्या भिंतीलगत चिंच आहे.
तिच्या मुळाशी, वीतभर खाली, रुमालासकट.
तिथनं जाताना परवा मी वाकले,
चपलेचा बंद नीट करायचं निमित्त करून,
आणि दोन बोटांनी माती
जराशी खाजवून आले.