अठरा

फेब्रुवारीत मानवतला जिनिंगचा कापूस उडत येतो
आणि प्रयोगशाळेच्या जाळीत अडकून बसतो.
तक्त्यावर पडलेला एक पुंजका फुंकून मी बाजूला केला.
आसन क्रमांक, नाव, वीसपैकी.
शेहेचाळीस नावं.

लाटकर सर सकाळीच म्हणाले होते,
"पंधराच्या खाली कुणाला जाऊ देऊ नका, बाई.
शेजारच्या शाळेत एकोणीसच्या खाली कुणी नाही.
आपल्याच लेकरांनी काय पाप केलंय?"
आणि बशीत सांडलेला चहा
त्यांनी परत कपात ओतला.

पहिल्या वर्षी मी एका मुलाला सात दिले होते.
खरे सात.
संध्याकाळी तिघं घरी आले, बसले नाहीत.
उंबऱ्यातूनच एकजण म्हणाला,
"सातच्या आधी एक टाकायला
काय लागतं, म्याडम?"
टाकला.
त्या एकाची रेघ जरा जाड आली होती.

आता मी एक आधीच लिहून घेते,
वरपासून खालपर्यंत, सगळ्यांच्या रकान्यात,
प्रार्थनेला रांग उभी करावी तसे एक एक एक.
शेजारचा आकडा मग सावकाश भरते.

निखत पठाण.
काचेच्या चिपेतून किरण कसा वाकतो
ते हिनं तीनदा काढलं. टाचण्या हलल्या,
हिनं कागद बदलला. पुन्हा हलल्या, पुन्हा बदलला.
एकोणीस.
भागवत गिराम. डिसेंबरपासून पत्ता नाही, जर्नल कोरं.
अठरा.
मधल्या एका गुणात
ते तीनही कागद कोंबायचे होते मला.

हॉल तिकीट न्यायला भागवत आला
तेव्हा त्याच्या भुवयांवर कापूस होता.
तक्ता टेबलावरच होता. त्यानं बोट ठेवलं.
"म्याडम, हे अठरा कामून?"
मला वाटलं, वाढवून मागतोय.
म्हटलं, आता काही होत नसतं बाबा, बोर्डाचं काम आहे.
"तसं न्हाई. म्या आलोच न्हवतो की.
जिनवर होतो रातपाळीला.
मंग परीक्षा कुणी देली?"

खिडकीबाहेर दहावी ब-चा तास सुटला होता.

"तिथं गाडी काट्यावर चढल्याबिगर
मुनीम वजन लिहीत न्हाई,"
तो म्हणाला. रागानं नाही.
माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं.

कपाटाची किल्ली मला लवकर सापडेना.
मग सापडली.
चीप काढली, ड्रॉइंग बोर्ड, चार टाचण्या,
एक गंजलेली.
म्हटलं, कर.
तो वाकला, एक डोळा मिटला,
पलीकडच्या टाचण्या अलीकडच्यांच्या मागे लपवत राहिला.
कापूस उचलणारी बोटं टाचणीला मोठी पडत होती.
बारा वाजले, साडेबारा. शिपाई दोनदा डोकावला.
कोनमापक उलटा धरला होता, मी बोलले नाही.
त्याचं त्यालाच दिसलं.
"चुकलं," म्हणाला, आणि कागद बदलला.

सव्वाला जे निघालं
ते बरोबर म्हणता येणार नाही.
पण किरण वाकला होता, योग्य बाजूला.
त्याच्या कोऱ्या जर्नलच्या पहिल्या पानावर
मी लाल पेननं अकरा लिहिले. सही केली, तारीख टाकली.
त्यानं आकड्याकडे बराच वेळ पाहिलं.
"अकराच?"
"अकरा."
"बरं," म्हणाला,
आणि ओलं असेल म्हणून
पानावर फुंकर मारली.

लखोटा चार वाजता गेला. त्यात अठरा.
लाटकर सरांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला होता,
शंभर टक्केचा शंभर मोठा घ्या म्हणून सांगत होते.
मी कपाट लावत होते.
निखतचे ते दोन टाकून दिलेले कागद
खालच्या कप्प्यात निघाले.
त्यांच्यावर काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.