पाव मिलिमीटर

पाचोरा–जामनेरचा रूळ अडीच फुटी.
एकास सत्त्याऐंशी केला
तर येतो आठ पॉइंट शहात्तर.
बाजारात मिळतो नऊचा.
पाव मिलिमीटर खोटं बोलायचं
की पट्ट्या कापून, डाख देऊन
खरा रूळ स्वतःच बसवायचा?

फहाहीलमध्ये, चौघांच्या खोलीत
माझ्या वाट्याला खाटेखालची जागा :
सहा फूट लांब, रुंदी
पुन्हा अडीचच.
स्केल मोठा हवा होता, डोळ्यांना चाळिशी लागलीय.
पण मोठ्या गाडीला वळण मोठं लागतं
आणि खाटेचे पाय काही सरकत नाहीत.
घेतला नऊचा.

वाळू इथे फुकट, पण पांढरट.
शेंदुर्णीची काळी माती
चहाच्या चोथ्याची केली,
एसीच्या मागच्या गरम वाऱ्यावर वाळवून.
टंकप्रसाद रोज चोथा राखून ठेवतो.
त्याच्या गावी रेल्वे नाही, या देशातही नाही.
विचारतो, स्लीपर मोजून कशाला लावतोस?
वडील मोजत चालायचे, म्हटलं,
खांद्यावर हातोडा टाकून.

रजा दोन वर्षांना तीस दिवस.
म्हणजे साधारण एकास चोवीस.
हा स्केल मी निवडलेला नाही.

काल रात्री गाडी सुटली.
पहूरच्या अलीकडे मागचा डबा घसरला.
टंकप्रसाद फरशीवर पालथा झाला,
दोन बोटांनी डबा उचलून
रुळावर ठेवला,
आणि इंजिनाच्या कानाशी
नेपाळीत काहीतरी म्हणाला,
हळू जा रे, असंच
काहीसं असावं.