नाव

शिरोड्याच्या मिठागराच्या बांधापाशी
पत्र्याचं प्रार्थनागृह आहे, बावीस खुर्च्यांचं.
माडाचं चुडत पत्र्यावर पडलं की पाळक दचकून थांबतो.
मी पेटी वाजवतो तिथं.

पाळक शांतवन. आधी दिगंबर.
त्याआधी नुसता दिगो.
किरणपाणीच्या धक्क्याखाली बॅटरी दोनदा लागली
की समजायचं, दिगो आला.
पलीकडं गोवा, दारू स्वस्त,
मध्ये खाडी तेवढी.

मग कळंब्याच्या तुरुंगात तीन वर्षं.
तिथं एक म्हातारी दर बुधवारी
चष्मा पुसत पुसत शुभवर्तमान वाचायची.
पहिलं वर्षभर आपण तिच्या चपलाच बघत होतो, म्हणतो.
एका बुधवारी डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला,
स्टँडपासून ती तशीच फरफटत आलेली.
यानं सुतळीनं बांधून दिला.
'तेवढंच,' म्हणतो. 'उजेडबिजेड काही दिसला नाही मला.'

आता ज्यांची सुटत नाही त्यांना तो घरात ठेवून घेतो,
त्यांच्या ओकाऱ्या काढतो,
रात्री त्यांचे हात धरून बसतो.
आरोंद्यापासून रेडीपर्यंतच्या बायकांना त्याचं दार ठाऊक आहे.
माणूस बदलला, लोक म्हणतात.
मीही म्हणतो. खोटं नाही ते.

साक्ष तो गुड फ्रायडेला द्यायचा.
पहिल्या वर्षी शब्द फुटत नव्हता, नुसता घाम.
दहाव्या वर्षी कुठं थांबायचं ते त्याला कळलं होतं,
मलाही. तो थांबला की मी हळूच सूर धरायचो.
कोयत्याची मूठ हाताला बसते
तशी ती साक्ष जिभेला बसली होती.

यंदा पुण्याहून मिशनचे पाहुणे आले. स्टँडवर कॅमेरा.
'त्या रात्री,' तो म्हणाला, 'अबकारीची लाँच मागं लागली.
होडी जड होती.
एक माणूस पाण्यात गेला.'
थांबला.
मी सूर धरला.

मागच्या दारात, चपला काढतात तिथं,
आवडू उभी होती, डोक्यावर तिसऱ्यांची टोपली.
ती आमच्यातली नाही. वेतोबाला केळी देते.
इथं उंबऱ्यापर्यंतच,
दर गुड फ्रायडेला, बारा वर्षं.

'पाळकानू,' ती म्हणाली, 'नाव रवला.'

एक पाहुणा हसला, समजलं नाही म्हणून.

'झिलू,' शांतवन म्हणाला. 'झिलू गुणाजी रेडकर.
रेडीच्या खाणीवर होता.'
'पोवाक येय तेका?'
'नाही.'
'तुका म्हायत होता?'
'होतं.'
'खोके किती होते?'
'अकरा.'
'टाकलंस किती?'

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच.
टोपलीतलं पाणी तिच्या कानामागून गळत होतं.
त्यानं टेबलाची कड धरली.
'एकव नाय,' म्हणाला.
बारा वर्षांत पहिल्यांदा
तो त्या जागेवरून मालवणीत बोलला.

साक्ष पुढं गेलीच नाही.
चपलेपर्यंत पोचली नाही.
तो खाली उतरला, पाहुण्यांच्या रांगेत रिकाम्या खुर्चीवर बसला,
तोंड पुढं करून, आमच्यासारखा,
जणू आता दुसरं कुणी बोलणार होतं.

आवडूनं माफ केलं का, मला विचारू नका.
तिनं टोपली सावरली.
वळताना एकदा पेटीकडं पाहिलं,
पेटीकडं की माझ्याकडं.

होडीत तिघे होतो.
कोर्टात दोघांचीच नावं आली.
वल्ही माझ्या हातात होती,
आणि काळोखातून हाक आली, एकदा, मग परत एकदा,
तेव्हा मी थांबलो नव्हतो.

प्रार्थनागृहात कुणी काही बोलत नव्हतं.
सूर कधीच सुटला होता,
भात्यावरचा हात तेवढा हलत होता,
मागं, पुढं,
मागं.