पीळ

सियागंजात पोरानं काउंटरवर दोन जोड्या टाकल्या.
एक लालभडक, डब्यावर होलोग्राम.
दुसरी राखी, शिळ्या पेपरात गुंडाळलेली, तेलकट.
"दोन्ही एक नंबर आहेत, भिया."
एक नंबर मी पण आहे,
माझ्या गुडघ्याला विचार.

टॉर्शन बार म्हणजे शेवटी एक कांब.
एक टोक चासीत जखडलेलं, दुसरं चाकाच्या आर्मला.
खड्डा आला की पिळते
आणि परत सरळ होते.
परत सरळ होणं, तेवढंच विकत घ्यायचं असतं.
ते दुकानात दिसत नाही.

म्हणून मी नखानं रंग खरवडतो.
पोरगा म्हणतो, अहो, अहो!
जाड रंगाखाली काहीतरी निजवलेलं असतं.
केसाएवढा ओरखडा,
आणि कांब तिथूनच जाणार,
आज नाही,
भेरूघाटात, आत नऊ माणसं आणि नारळांची पिशवी असताना.

कानस फिरवली.
राखीवर कुरकुरली,
लालमध्ये पेढ्यात शिरावी तशी शिरली.
व्हर्नियर लावला: लाल अर्ध्या मिलिमीटरनं बारीक.
"अर्ध्यानं काय होऊन राहिलंय, भिया?"
हाताला काही नाही. चाकाला सगळं.

मग टोकावरचा छाप पाहिला.
लालच्या दोन्ही कांबींवर डावाच.
कारखान्यात प्रत्येकीला तिच्या बाजूचा पीळ
आधीच देऊन ठेवतात, पोरा.
डावी उजवीकडे घातलीस
तर ती उलटं शिकत बसते,
आणि एक दिवस शिकायची थांबते.
पोरगा मोबाइलमध्ये बघत होता.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
मी नवाकोरा सुंभ पाहिलाय,
आठ दिवसांत पीळ गेलेला,
गाडी पुढून नाक टेकून उभी,
आणि मालक बोल्ट आवळतोय, आवळतोय,
जणू म्हाताऱ्याची पाठ आवळून सरळ होते.

राखी घेतली. सातशेनं महाग.
विपट बाईंची सुमो, ओंकारेश्वरच्या फेऱ्या मारणारी.
जुन्या कांबीवर खडूची खूण केली होती,
तिच्यावरून नवी बसवली,
रात्रभर गाडी सपाट फरशीवर उभी ठेवली.

सकाळी टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं घातली.
रमजानी उस्ताद असंच मोजायचे. त्यांची पाच बोटं.
माझी जाड, साडेचार भरतात.
काल रात्री साडेचार.
आज साडेचार.
चहा झाल्यावर पुन्हा घातली.

बाई म्हणाल्या, बिलावर गॅरंटी लिहा.
मी लिहिलं:
आठ दिवसांनी गाडी रिकामी आणणे.
बोटं मी आणीन.