वॉलमन

एकतीस वर्षं मी उदगीरला पाणी सोडलं.
छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर,
रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी बसवायची
आणि आटे मोजायचे.
खालच्या गल्लीला अठरा,
चढावरच्या वस्तीला सगळे सोडले तरी कमीच.
कुणाची पाळी नवव्या दिवशी, कुणाची बाराव्या.
लग्न निघालं की लोक पत्रिका आधी मला द्यायचे,
देवाला नंतर.

आता माझी पाळी ठरलेली.
मंगळवार, शुक्रवार, सकाळी सात, तिसरी खाट.
चार तास रक्त बाहेर फिरून येतं.
आणि दिवसाला पाणी सातशे मिली,
त्यातच चहा, त्यातच वरण, गोळ्यांचा घोटही त्यातच.
महानंदानं बाटलीला लाल दोरा बांधलाय.
मी रुसलो तरी दोऱ्याच्या वर ती भरत नाही.
म्हणाली, "अख्ख्या गावाला पुरवून पुरवून दिलंत,
आता स्वतःला पुरवा."
हसू आलं. हसताना जीभ टाळूला चिकटली.

पहिले सहा महिने कुणाशी बोललो नाही.
तोंड भिंतीकडं.
शेजारच्या खाटेवर खैरुनबी, बांगड्या भरणारी,
हजारो हात दाबून दाबून मऊ केलेले तिनं,
आणि आता तिच्याच डाव्या हातात बांगडी चालत नाही.
दोन्ही हातांच्या तिनं उजव्यातच घातल्यात.

सिस्टर सांगायची, नस जोडलीय तिथं रोज बोट ठेवा,
घरघर लागली पाहिजे. थांबली तर तसंच उठून या.
खैरुनबीला धास्ती. "मेरेकू कुछ समजताच नै, अप्पा."
त्या दिवशी मी भिंतीकडून वळलो.

म्हटलं, नळाला पाणी यायच्या आधी पाइप बोलतो.
रात्री तीनला मी चावीच्या दांड्याला कान लावायचो,
कुत्रीसुद्धा झोपलेली,
आणि खालून, लांबून, टाकीकडून कुठून तरी
एक थरथर चढत यायची दांड्यातून दाढेपर्यंत.
तोवर नळ कोरडे. घागरी रांगेत, रिकाम्या.
पण मला कळलेलं असायचं.

तिनं डोळे मिटले. हातावर बोटं ठेवली.
बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाली, "हौ. बिल्लीच बैठी है अंदर."

मग चौथी खाट शिकली, मग सहावी.
आल्या आल्या एकमेकांचे हात ऐकायचे,
नंतर घरचं विचारायचं.

पोळ्यानंतरच्या शुक्रवारी पहिली खाट मोकळी होती.
व्यंकट गुरुजी.
चादर नवी, उशीला मात्र अजून त्यांच्या डोक्याचा खळगा.
त्या दिवशी कुणी कुणाचा हात ऐकला नाही.

मंगळवारी तिथं शेषेराव आले, रिटायर कंडक्टर,
टोपी हातात चुरगाळलेली.
"किती दिवस हो असं?"
मी खोटं सांगत नाही.
वॉलमननं खोटी वेळ सांगितली
तर बायका घागर घेऊन दारात येतात.
म्हटलं, "तारीख मला ठाऊक नाही.
हात आणा इकडं."

परवा त्यांनी सिस्टरला विचारलं,
जत्रेत गोडीशेव खाल्ली तर चालेल का.
ती म्हणाली, बोटभर.
तेव्हापासून ते त्या बोटभर शेवेसाठी दिवस मोजतात,
आणि खैरुनबीनं त्यांना विचारून ठेवलंय
नातीच्या लग्नाला हैदराबादची गाडी कुठली बरी,
मधल्या वारी तिथं मशीन मिळेल का.

पहाटे मला जाग येते, जुनीच सवय.
रस्त्यात कुणाचं तरी झाकण वाजतं,
नवा पोरगा आहे, आटे घाईनं फिरवतो.
महानंदा अर्ध्या झोपेत विचारते,
जसं गाव विचारायचं, ओट्यावरून, खिडकीतून,
"आलं का?"

मी हातावर बोट ठेवतो. थांबतो.

"आलंय.
बारीक आहे. पण आलंय."