वाघाटी

सासरे फौजेतनं आले, तेव्हा ट्रंकेत
गणवेशाखाली एक निळी वही होती.
आर्मररची. पानोपानी काडतुसं,
पेन्सिलीनं काढलेली,
कुठल्याच दुकानात न मिळणारी.

"हिची मान अजून बारीक पायजे,"
म्हणतात, आणि शिसाचं टोक जिभेला लावतात.
पितळ मोठं, गोळी बारकी,
सेकंदाला चार हजार फूट.
नाव ठेवलंय वाघाटी.
येरळेच्या ओघळीत एकदा दिसलेली,
दिसली म्हणेस्तोवर गेलेली.

परवाना मात्र बारा बोअरचा.
साताऱ्याचा दुकानदार चष्मा वर सारून म्हणाला,
"सुभेदार, छर्रे आहेत. दोन नंबर, चार नंबर. बोला."
हे काहीच न घेता आले.
येताना बटाटेवडे आणले.

रात्री मक्यात डुकरं उतरतात.
वनखात्याचा कागद वडूजलाच अडकलाय.
मी तेलाचा डबा बडवते,
ते बॅटरी धरून बांधावर बसतात
आणि वहीत लिहितात:
तीनशे वीस पावलं. वारा डावीकडनं.

सकाळी मी मोडलेली ताटं मोजते.
एकशे चौदा.
तेही लिहून घेतात, वेगाच्या शेजारी.

काल जेवता जेवता घास थांबला.
"सूनबाई, चुकली तर
ही थांबणार कुठं?
वगळीपल्याड लोखंड्याची पोरं
अंगणात झोपत्यात."

मग माझ्या लेकीच्या कंपासमधनं
खोडरबर घेतलं.
वाघाटीची मान
एक रेघ जाड झाली.