पस्तीस मिलिमीटर

उद्यमनगरात दस्तगीरभाईंच्या शटरखाली
पहिलाच प्रश्न आला : वजन किती?
बासष्ट, मी म्हटलं.
तसं न्हवं. बूट, हेल्मेट, चामडं, सगळं घालून.
शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर चढले
भर दुपारी बारा वाजता, गुडघ्यांना प्लास्टिकच्या वाट्या लावून.
बहात्तर पॉइंट चार.
दुकानदारानं सवयीनं विचारलं, पिशवी देऊ?

शिरोलीच्या फाउंड्रीत मी कास्टिंगं मोजते.
लोकांच्या खिशात कंगवा असतो तसा
माझ्या खिशात व्हर्नियर.
पण मी बसल्यावर गाडी किती दबते
हे चार वर्षांत कधी बघितलं नव्हतं.
कागलपर्यंत जायचं, परत यायचं,
कंपनीनं कुणा सरासरी माणसासाठी
लावून दिलेल्या स्प्रिंगवर.

या कामाला तिघं लागतात.
इर्शादनं हँडल धरलं, मी बसले,
भाई टेप घेऊन मागं उकिडवे.
हलू नका. श्वास घ्या, पण हलू नका.
त्रेचाळीस.
सी-स्पॅनरनं दोन खाचा.
अडतीस.
चहा आला. खाली उतरून प्या म्हणाले,
चहाचंबी वजन असतंय.
अजून एक खाच.
पस्तीस.
आता गाडीला कळलं कोण बसलंय.

सायलेन्सर बदलू का, मी विचारलं, पैसे साठलेत.
ब्रेक पॅडला घाला. आवाजाचं नंतर बघू.

मग काढायचं ते काढलं. आरसे आधी,
मग इंडिकेटर, नंबरप्लेट, साइड स्टँड.
हेडलाइटवर चिकटपट्ट्यांची फुली,
मोतीबिंदू काढून घरी आणलेल्या म्हाताऱ्यासारखी.
कूलंट ओतून नळाचं नाही, बाटलीतलं शुद्ध पाणी :
सांडलं तर मागनं येणारा घसरू नये.
ऑइलच्या बोल्टला भोक पाडून तार ओवली,
खोंडाला वेसण घालतात तशी.
लिव्हर जरा खाली. मनगट सरळ. भाकरी थापताय काय?
टायरातली हवा कमी केली, गार असताना एकोणतीस.
गरम झाला की आपला आपण फुगतोय,
म्हणाले, आणि इर्शादकडे बघितलं.

शेवटी फोर्कच्या नळीला
एक साधी प्लास्टिकची पट्टी आवळली,
वायरी बांधतात ती, रुपयाला एक.
सीलला टेकवून ठेवली.
हे कशाला?
परत आल्यावर सांगतो.

रविवारी हुपरीच्या वाटेवरचा लहान ट्रॅक,
उसाच्या पाल्यावर अजून दव.
आरसे नाहीत, त्यामुळं मागचं फक्त ऐकू येतं.
निळ्या चामड्यातलं एक पोर बाहेरून गेलं,
मग आतून,
मग पुन्हा बाहेरून, आणि हात केला.
तिसऱ्या वळणाला मी दर वेळी
दोन बसथांबे आधीच ब्रेक दाबला.

पिटमध्ये आले. हात थरथरत होते,
हातमोजा निघेना.
भाई पुढच्या चाकापाशी वाकले.
पट्टी सरकली होती,
पण फार नाही.
निम्मंबी वापरलं न्हाईसा, म्हणाले.
रागावून नव्हे. भाव सांगावा तसं.

मी व्हर्नियर काढला.
एकशेवीसातले एकावन्न.
टाकीवरच्या चिकटपट्टीवर पेननं लिहिलं, खाली तारीख.
पट्टी परत सीलला टेकवली
आणि शिट्टीची वाट बघत बसले.
वजन तेवढंच,
किराणा दुकानातलं.